बागेतला राखेचा थर

राख दिसली की आम्हा पुरातत्त्ववाल्यांचं डोकं ठिकाणावर राहत नाही, खरं सांगते. जळगावच्या एका जुन्या बागेत नवे रस्ते करत होते, आणि खोदताना जुनं काही निघतंय का ते बघायला मी उभी होते. चिंचेखाली काळा थर लागला. मी ओरडलेच, "थांबा! जुनी चूल आहे!" काम बंद पाडलं आणि ब्रश घेऊन खड्ड्यात उतरले.

रोज फिरायला येणारी म्हातारी मंडळी काठावर गप्प उभी. एरवी ती कुठली गप्प बसायला! तेवढ्यात ब्रशखाली एक जळका देठ आला. मग दुसरा, तिसरा. सगळे वांग्याचे.

मी वर बघितलं. त्यांच्यातले नाना बागेच्या माळ्याकडे नजर टाकून हळूच वाकले.

"ताई, बोंब मारू नको. बागमा जाळ करानी बंदी शे. ही आमनीच मागला हिवाळानी भरीत पार्टी. वरतून माती लोटी दिन्ही व्हती."

मला हसू आवरेना. म्हटलं, "बरं नाना, बुजवते खड्डा."

"राहू दे ना, माय," नाना कळवळून म्हणाले. "यंदा खड्डामा जाळ माळीले दिसाव नही."