तासाला तीस नग

माझं गाव कागलच्या बाजूला. वडील साखर कारखान्यात फिटर व्हते, म्हणून ग्रीसचा वास लहानपणापासनं नाकात बसलेला. आयटीआयला टर्नर केलं, शिरोलीत एका शॉपात लेथवर बारा वर्षं काढली, आणि तितलं काम मंदावलं तसं एका ओळखीच्यानं सांगितलं की मद्रासकडं मोटारीच्या कंपन्या लई वाढल्यात, सीएनसीला, म्हंजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनला, सेटर पायजेत. बायको म्हणाली, भाषा येत न्हाई, ऱ्हाणार कसं? मी म्हटलं, मशिनला कुठं भाषा असती? दोन हजार सालानंतर चार-पाच वर्षांनीची गोष्ट ही.

शॉप मद्रासच्या बाहेर, गुम्मिडिपूंडीत. मालक मूळचा लोखंडाचा व्यापारी, त्याचं दुकान मद्रासात जॉर्ज टाउनात, शॉप त्यानं नवीनच काढलं व्हतं. सहा मशिना. मी सेटर, म्हंजे प्रोग्रॅम घालायचा, टूल बसवायचं, पहिला नग मापात आला की मशिन ऑपरेटरच्या ताब्यात द्यायचं. ऑपरेटरांत एळुमलैअण्णा सगळ्यात जाणता. चाळिशीचा माणूस, बोलणं कमी, हातात कायम मायक्रोमीटर.

आणि कामाचा रेट काढायला श्रीनिवास. इंजिनियर पोरगा, शहरात अड्यारच्या ऑफिसात बसायचा. तंजावरकडचं मराठी घर, कितीक पिढ्या तिकडंच गेलेल्या, त्याच्या मराठीत मधीच तमिळ शिरायची. पण मला लई बरं वाटलं बगा, म्हटलं, चला, आपलं म्हणणं ह्याला तरी कळंल.

मग मोटारीच्या एका शाफ्टची चौकशी आली, नगाला भाव काय म्हणून. मोठं गिऱ्हाईक, दोन वर्षांचं काम. श्रीनिवासनं ड्रॉइंग बगितलं, टूलच्या पुस्तकातनं स्पीड आणि फीड, म्हंजे टूल किती वेगानं पुढं सरकायचं ते, काढलं, आणि फोनवर मला म्हणाला, दोन मिनिटांत एक नग. तासाला तीस. मशिनचा तासाचा खर्च दोनशे सत्तर, म्हंजे नगाला नऊ रुपये. मी म्हटलं, अरे, दोन मिनिटं ही नुसती धातू कापायची. नग उचलायचा कोणी, चकमधी धरायचा कोणी? कडेची धारदार बुरी उडवायची, मापायचं, टूलची टीप झिजली की बदलायची, ह्येला वेळ लागत न्हाई का? तीन मिनिटं धर. जेवण, चहा, सेटिंगचा वेळ वजा केला तर शिफ्टला एकशेचाळीस नग निघतील, आणि नगाला पंधरा रुपये पडतील. तो म्हणाला, सेरी, बरं, बघतो. आणि गिऱ्हाइकाकडं भावाचा कागद गेला तसाच, नऊ रुपयांचा.

ऑर्डर मिळाली. मालकानं पेढे वाटले. आणि प्रत्येक मशिनवर पाटी लागली, शिफ्टला दोनशेचाळीस नग.

आता काय सांगू तुमाला, त्या पाटीनं माणसांचं काय केलं. पहिल्या महिन्यात सगळ्यांचे एकशेतीस, एकशेचाळीस. रोज सकाळी अड्यारहून फोन, का कमी, का कमी. मग तरण्या पोरांनी वाट काढली. मापायचंच बंद केलं, फीड वाढवला, आणि एकशेनव्वदवर गेली. एळुमलैअण्णा तितंच, एकशेचाळीसवर. मी त्यांना म्हटलं, अण्णा, जरा पाचातला एक मापा की, प्रत्येक नग कशाला? ते म्हणाले, टीप कधी झिजंल ते मला विचारून झिजती का सार?

मग एक दिवस ऑफिसातनं मेमो आला, इंग्रजीतला. एळुमलै संथ काम करतो, तीन वेळा समज दिली, सुधारणा न्हाई, म्हणून कामावरनं कमी करतोय. समज कुणी दिली व्हती? कुणीच न्हाई. खाली सेटरची सही मागितली व्हती. मला कळत व्हतं काय लिवलंय. पोरीची शाळा नुकतीच लागलेली, घराचा ॲडव्हान्स भरलेला. केली सही. अण्णांनी मायक्रोमीटर फडक्यात गुंडाळला, माझ्या टेबलावर ठेवला आणि गेले. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

दोन महिन्यांत एकशेनव्वदवाल्यांचा माल परत आला. गाडीच्या गाडी. मापातच न्हाई. तवा श्रीनिवास पहिल्यांदा शॉपात आला, पोरांवर ओरडाय लागला. माझं डोस्कं फिरलं. मी म्हटलं, उभा ऱ्हा मशिनवर, आणि काढून दाखव तुझे दोनशेचाळीस. मला वाटलं निघून जाईल, पण त्यानं शर्टाच्या बाह्या सारल्या. पूर्ण शिफ्ट उभा ऱ्हायला, बुरीनं बोटं कापली, जेवण दहा मिनिटांत उरकलं. एकशेअठरा नग. संध्याकाळी खोक्यावर बसून ऱ्हायला, म्हणाला, तुमी सांगत व्हता. मी म्हटलं, कवाधरनं.

दुसऱ्या दिवशी दोघं जॉर्ज टाउनात गेलो. श्रीनिवासनं नवीन हिशोब मांडला, नगाला पंधरा रुपये चाळीस पैसे. मालकानं कॉफी मागवली, सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाला, मला ठाऊक व्हतं. दुसऱ्यांचा भाव चौदा व्हता. नऊ म्हटलं म्हणून ऑर्डर आली, एकदा आत शिरलो की वाढवून घेऊ, असं ठरवलं व्हतं. आता गिऱ्हाईक वाढवत न्हाई, मी काय करू? तवर तुमी माणसांकडनं काढा.

म्हंजे बगा. आमी दोघं मिनिटांवरनं भांडत व्हतो, आणि ती मिनिटं कुणाला नकोच व्हती. मी म्हटलं, एळुमलैला तरी परत बोलवा. मालक म्हणाला, मेमोवर सही तुझीच हाय की.

श्रीनिवास वर्षाच्या आत नोकरी सोडून गेला. पुढं मंदी आली आणि गिऱ्हाइकानं ते काम काढूनच घेतलं. शॉप बंद. मी एळुमलैअण्णांचं घर हुडकत गेलो व्हतो. त्यांच्या बायकोनं पाणी दिलं, अण्णा आतच बसून व्हते, खोकल्याचा आवाज येत व्हता. बाहेर आले न्हाईत. अर्धा तास बसलो आणि उठलो.

आता मी मद्रासातच, अंबत्तूरला एका ल्हान शॉपात हाय. रेट मीच काढतो, घड्याळ घेऊन मशिनपाशी उभा ऱ्हातो, मग कागद करतो. दहा कागद पाठवले तर दोनाला होकार येतो. बाकीचे म्हणतात, तुमचा भाव लई, दुसरा निम्म्यात देतोय. देऊ दे. त्याच्या शॉपातबी कुणीतरी माणूस प्रत्येक नग मापत उभा असंल, त्या माणसाचं भलं व्हवो.