जाकीट खुंटीवर होतं

सुमतीवहिनी, शुभदा, आणि या उकाड्यात इथे येऊन बसलेल्या सगळ्यांनो,

एवढी माणसं येतील असं मला वाटलं नव्हतं. बाहेर मोटारसायकली लावायला जागा उरलेली नाही. या सभागृहात चार पंखे आहेत, त्यातले दोन फिरतात. तरी तुम्ही आलात. बरं वाटलं. फक्त एक सांगते. यातले निम्मे लोक विश्राम टेलर जिवंत असताना त्यांना हसत होते. मला तोंडं ओळखता येतात.

मला बोलणं कठीण जातंय. रडू येतं म्हणून नव्हे, राग येतोय म्हणून. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे आम्हाला सांगायचे, राग आला की आधी दहा आकडे मोजा आणि मग तोंड उघडा. मी मंगळवारपासून मोजते आहे. संपतच नाहीत.

मला न ओळखणाऱ्यांसाठी सांगते. मी सरकारी दवाखान्यात तीस वर्षं नर्स होते. त्यातली बरीच वर्षं ड्रेसिंग रूममध्ये गेली. बंदराकडच्या रस्त्यावर विश्रामभाऊंचं शिवणाचं दुकान, आणि दुकानाच्या भिंतीला लागून माझं घर. म्हणून मंगळवारी सकाळी शुभदाने पहिली हाक मला मारली. "सिस्टर, बाबा बोलत नाहीत." मी गेले. ते पडवीत खुर्चीवर बसले होते. चहा पिऊन झाला होता. कपबशी नीट खाली ठेवलेली होती. मी नाडी पाहिली. नव्हती. डॉक्टर आले, म्हणाले हृदय थांबलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, चहा पिऊन, आपल्या पडवीत, आपल्या खुर्चीत गेला. आणखी काय हवं असतं हो माणसाला?

पण दुपारपर्यंत नाक्यावर काय बातमी? "त्या जाकिटानेच गेला. मे महिन्यात अंगभर गुंडाळून गाडीवर फिरायचा. उष्णता आत कोंडली." बुधवारी तेच मच्छी मार्केटमध्ये. गुरुवारी ज्यांनी जाकीट शिवायला टाकलं होतं त्यातले काहीजण शुभदाकडे येऊन म्हणाले, "राहू दे, आम्हाला नको." ती वडिलांचं सुतक धरून बसली होती, आणि हे तिच्या दारात उभे. आता तिचे काका म्हणतात, दुकान बंद कर, मशीन विकून टाक.

म्हणून मी इथे उभी आहे. ऐका. मी पहिली पोहोचले. विश्रामभाऊंच्या अंगात बनियन होतं. जाकीट खुंटीवर होतं. पुन्हा सांगते, मागच्या रांगेलाही ऐकू जाऊ दे. जाकीट खुंटीवर होतं.

आता ते जाकीट कुठून आलं ते सांगते, कारण त्यात माझाही हात आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी विश्रामभाऊ पूर्णगडच्या रस्त्याने येत होते. मे महिनाच. अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायात चपला. चिऱ्यांच्या ट्रकमधून वळणावर तांबडी खर, म्हणजे दगडाचा बारीक चुरा, सांडलेली होती. गाडी घसरली. हाड एकही मोडलं नाही, पण खांद्यापासून मनगटापर्यंत कातडी राहिली नाही. तीन आठवडे ते माझ्यासमोर ड्रेसिंगला बसत. मी चिमट्याने खडे काढायचे आणि तोंडाने बोलायचे. एक दिवस वैतागून म्हटलं, "विश्रामभाऊ, तुम्ही टेलर ना? कापड फाटलं तर शिवता. कातडी शिवून दाखवा बघू!" ते बरे झाले, घरी गेले. महिन्याभरात माझ्या दारात येऊन उभे. अंगात जाड कापडाचं, कोपरांना गादी लावलेलं जाकीट. म्हणाले, "सिस्टर, कातडी नाही शिवता येत. तिच्यावरचं शिवलंय."

आणि मी काय केलं? हसले. लाज वाटते, पण सांगते. मी म्हटलं, "हे घालून तुम्ही पडणार नाही, शिजाल." आज जे नाक्यावर बोलतात ते सगळ्यात आधी मी बोलले होते.

त्यांनी शांतपणे विचारलं, "सिस्टर, तुमच्या शाळेतल्या नन मे महिन्यात काय घालायच्या?"

"म्हणजे काय? पायघोळ झगा. डोक्याला कापड."

"मग त्यातली किती माणसं शिजली?"

माझं तोंड बंद झालं, असं फार वेळा होत नाही. ते म्हणाले, "पांढरं आणि सैल कापड होतं, वारा आत जायचा. म्हणजे अंग झाकलं म्हणून माणूस मरत नाही. वारा अडला की मरतो. वारा कसा खेळवायचा, तेवढंच शोधायचंय."

तेवढंच! त्या तेवढ्यासाठी पुढची दोन वर्षं गेली.

बंदराजवळ राहणाऱ्या माणसाला वारा खेळणारं कापड म्हटलं की काय आठवणार? मासेमारीचं जाळं. नायलॉनचं. त्यांनी दुपदरी जाळ्याचं जाकीट शिवलं. हलकं, हवेशीर, दिसायला झकास. सगळ्यांनी वाहवा केली. मीसुद्धा. पण विश्रामभाऊंचा स्वतःवर विश्वास नव्हता, आणि तेच त्यांचं मोठेपण. म्हणाले, "आधी रस्त्यावर घासून बघू."

"कोण घासून घेणार?" मी विचारलं.

त्यांनी माडीखाली ठेवलेल्या कच्च्या फणसाकडे बोट दाखवलं.

हसा, हसा. तेही हसले असते. आम्ही गावावरच्या कातळाच्या माळावर, सड्यावरच्या रिकाम्या रस्त्यावर गेलो. फणसाला जाकीट घातलं, चेन लावली, दोरीने मोटारसायकलच्या मागे बांधला. मी माझ्या स्कूटरवर मागून बघायला. समोरून एसटी आली. कंडक्टरने दारातून डोकं काढून विचारलं, "ओ टेलर, फणसाचं तिकीट काढलंत काय?" विश्रामभाऊ म्हणाले, "परतीचं काढलंय!" आणि गाडी चाळीसवर नेली.

थांबल्यावर बघितलं तर फणस एका बाजूने सोललेला. आणि जाळं? वितळून त्याचे गोळे झाले होते आणि ते फणसाच्या सालीत रुतले होते. विश्रामभाऊंनी हात लावला आणि पटकन मागे घेतला. गरम होते. ते रस्त्याच्या कडेला खालीच बसले. म्हणाले, "सिस्टर, हे मी उद्या गिऱ्हाइकाला देणार होतो."

ज्यांनी आधी वाहवा केली होती त्यांच्यात मी होते. त्यांनी घासून बघितलं नसतं तर पुढचे गोळे मी माणसाच्या पाठीतून काढत बसले असते.

तिथून पुढे त्यांनी सूत्र पकडलं. पडताना माणसाचं जे हाड आधी टेकतं तिथे जाड कापड आणि आत गादी. खांदा, कोपर, कंबर. पाठीला फळीसारखं पण वाकणारं अस्तर. आणि छाती, काखा, पाठीच्या दोन्ही बाजू, जिथे घाम येतो तिथे गाडीवरच्या कपड्यांसाठीच विणलेली दणकट जाळी. ती मुंबईहून मागवायचे. किती फणस घासले ते सुमतीवहिनींना विचारा, भाजी त्यांनी केली. शेवटचा फणस अख्खा परत आला. काटेसुद्धा शाबूत. त्या दिवशी त्यांनी तो दुकानात गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर ठेवला होता. पाहुण्यासारखा.

मापाचं त्यांचं काय होतं, ते ज्यांनी शिवून घेतलं त्यांना ठाऊक आहे. उभ्याने माप घ्यायचेच नाहीत. दुकानात त्यांची जुनी मोटारसायकल उभी असायची. तिच्यावर बसवायचे, हात हँडलवर ठेवायला लावायचे, मग टेप. म्हणायचे, उभ्या माणसाची बाही मनगटापर्यंत येते, बसलेल्याची वर चढते, आणि कोपराची गादी दंडावर जाऊन बसते. मग पडताना ती दंडाला वाचवणार, कोपर उघडंच. सैल हवं म्हणणाऱ्याला सांगायचे, जाळीत वारा आहे, सैलपणात नाही.

एक तरुण आला, काळंच हवं म्हणून हटून बसला. विश्रामभाऊंनी त्याला फिक्या करड्या रंगाचं कापड दाखवलं. तो म्हणाला, "टेलर, काळं भारी दिसतं." ते म्हणाले, "तवापण काळाच असतो. दुपारी त्याच्यावर बसून बघ."

दुसरा कोल्हापूरहून पाण्यात भिजवून घालायचं बनियन घेऊन आला. म्हणे तिकडे गारेगार वाटतं. वाटणारच. तिकडची हवा कोरडी, पाणी उडून जातं. इथे सावलीत टाकलेला टॉवेल संध्याकाळी दमटच असतो. ते म्हणाले, "इथे भिजायला पाणी कशाला? आत पातळ, घाम लगेच सुटणारं बनियन घाल आणि गाडी चालती ठेव. थांबलास की चेन उघड. निघालास की लाव."

हातमोजे, घोट्याच्या वर जाणारे बूट आणि हवेची भोकं असलेलं पूर्ण तोंडाचं हेल्मेट नसेल तर ते जाकीट हातात द्यायचे नाहीत. गिऱ्हाईक चिडायचं. ते विचारायचे, "आंबे काढताना पाय सुटला तर आधी काय पुढे करतोस? हात ना? मग हाताला काय घातलंयस?"

आणि प्रत्येक गिऱ्हाईक शेवटी एकच बोलायचं. टेलर, ऊन किती आहे! विश्रामभाऊंचं उत्तरही एकच. "ऊन आहे, ठाऊक आहे मला. चेन लावा."

मला त्यांनी बळेच शिवून दिलं. मी म्हटलं, मी निवृत्त झाले, माझी स्कूटर भाजीपुरती. ते म्हणाले, "ऊन आहे, ठाऊक आहे मला. चेन लावा, सिस्टर." मी त्यांचा मान राखायला पंजाबी ड्रेसवर ते चढवलं. शेजारणी म्हणाल्या, "म्हातारपणी काय सर्कशीत जाता काय?" त्यानंतर दोन वर्षांनी, त्याच पूर्णगडच्या रस्त्यावर, तसल्याच तांबड्या खरीवरून मी घसरले.

हे बघा. हे ते जाकीट. ही उजवी बाही. इथलं कापड घासून दोरे निघालेत. आतलं अस्तर बघा, शाबूत आहे. आणि हा माझा हात. बघा, पुढच्या रांगेतल्यांनी नीट बघा. तीस वर्षं मी या गावाचे हात बघितलेत. कातडी गेलेली, पू झालेले, बोटं आखडलेली. माझा हात मी उठले तेव्हा असाच होता. मी स्कूटर उचलली आणि घरी आले. विश्रामभाऊ दुकानाच्या पायरीवर उभे होते. त्यांनी बाही बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "द्या, दुरुस्त करतो." मी म्हटलं, "हात लावू नका. हे मी असंच ठेवणार." कधी लागेल हे तेव्हा ठाऊक नव्हतं. आज लागलं.

ते स्वतः जाकीट घालायला लागल्यानंतर दोनदा पडले. मंगळवारी त्यांना शेवटची अंघोळ घातली तेव्हा त्यांचे भाऊ आत होते. म्हणजे शुभदाचे काका, तुम्ही. तुम्हीच मला बाहेर येऊन सांगितलंत, की डाव्या हातावरचा तो जुना डाग सोडला तर सगळ्या अंगावर एक ओरखडा नाही. पन्नास वर्षं गाडीवर काढलेला माणूस! जिंकून गेला हो तो. आणि तुम्ही मशीन विकायला निघालात?

आता मी भाषण थांबवते आणि एक काम सांगते. माझ्यावर विश्वास ठेवू नका. मी तिखट तोंडाची बाई आहे, शेजारीण आहे, पक्षपात करते. इथे ज्यांनी विश्रामभाऊंचं जाकीट घातलेलं असताना गाडीवरून पडून, आपल्या पायांनी घरी गेलात, त्यांनी उभं राहा.

लाजू नका. पडण्यात लाज नाही.

हं. तुम्ही. तुम्हीही? या पोरीसुद्धा. त्या खिडकीपाशी किती जण आहेत ते? उभेच राहा, बसू नका. बाकीच्यांनी माना वळवून बघा. यातल्या एकाचंही ड्रेसिंग कोणाला करावं लागलं नाही.

अनंतराव, तुम्ही पुढे बघत बसू नका. नाक्यावर पहिल्यांदा बोललात ते तुम्ही. वळा. तुमच्या मागच्या रांगेत तुमचा सुहास उभा आहे. मला ठाऊक होतं, तो माझ्याकडेच आला होता मुका मार लागलेला गुडघा दाखवायला. पण मी कुणाला सांगितलं नाही, आजही सांगणार नव्हते. तो आपण होऊन उठला. कधी पडला, कसा पडला, ते त्याला घरी गेल्यावर विचारा. आणि आधी त्याला जवळ घ्या.

शुभदा, रडून घे. पुढच्या सोमवारी सुतक फिटतं. मंगळवारी दुकान उघडायचं. पहिलं गिऱ्हाईक मी. ही बाही तशीच राहणार, पण मला दुसरं जाकीट हवंय, माप गाडीवर बसवूनच घे. काका मान हलवताहेत. होकाराची आहे ना, काका? आहे. सगळ्यांनी बघितली.

आता बाकीच्यांनीही उठायचं. जे आधीच उभे आहेत त्यांच्या बरोबरीने. विश्रामभाऊंसाठी दोन मिनिटं आपण कोणीच काही बोलणार नाही. मीसुद्धा. हे माझ्याकडून त्यांना सगळ्यात मोठं वंदन समजा.

आणि मग गाड्या काढाल तेव्हा, ऊन आहे, ठाऊक आहे मला. चेन लावा.