गाऱ्हाण्यातलं नाव

आप्पा : शाल घ्यायची, नारळ घ्यायचा, दोन शब्द बोलायचे आणि खाली बसायचं. एवढं सोपं आहे ते. उगाच फाटे फोडू नकोस, उन्मेष.

उन्मेष : फाटे फोडत नाही, आप्पा. सत्कार नको, एवढंच म्हणतोय.

आप्पा : अरे, गाव करतोय सत्कार! तीन वर्षं या घराकडे ढुंकून बघत नव्हता, तोच गाव. तू टीव्हीवर बसून तुझ्या त्या मुख्यमंत्र्याचं पितळ उघडं पाडलंस, आणि पंधरा दिवसांत चार माणसं विचारून गेली, आप्पा, आंब्याच्या कलमांना फवारणी झाली काय? बाबल्या तर स्वतःच पंप घेऊन आला. इतके दिवस मी ब्याऐंशी वर्षांचा म्हातारा लांज्याहून गडी आणत होतो. कसे आणत होतो ते माझं मला ठाऊक.

उन्मेष : माहीत आहे मला.

आप्पा : काय माहीत आहे? तू मंत्रालयात. साहेबांचा सल्लागार! साहेबांचा मेंदू! पेपरात छापून यायचं तसं. कारखान्याला विरोध करणारा अख्खा गाव म्हणजे 'विकासाचे वैरी', हे शब्द तुझेच ना? आणि इथे तुझा काका दारात तबक घेऊन उभा. दोन शिमगे पालखी या फाटकासमोरून गेली. कुणी अडवली नाही, पण आत वळलीही नाही.

उन्मेष : त्या शब्दांची माफी मागितली मी. टीव्हीवर मागितली, गावाला पत्र लिहून मागितली. पण सत्कार घ्यायच्या आधी त्यांना ती दुसरी गोष्ट कळायला हवी.

आप्पा : काल मला सांगितलीस तीच ना? नाही कळायला हवी. मला सांगितलीस, पुरे झालं. मी गिळली. आता तूही गीळ.

जनी : आप्पा! हाय काय कोण घरात?

आप्पा : सरपंचबाई आल्या. एक अक्षर बोलू नकोस, सांगून ठेवतो. ये गो जनी, ये! पडवीत ये, उन्हात उभी राहू नकोस.

जनी : बसायला वेळ नाय वो. उन्मेषभाऊ, नमस्कार. जल्लं मेलं, टीव्हीवर केवढे गोरे दिसत होता! पावडर लावतात काय तिकडे?

उन्मेष : लावतात. निघता निघत नाही.

जनी : तरी मी बोलले आमच्या ह्यांना, हा काय आपला उन्मेष नाय. शाळेत माझ्या बाजूला बसायचा तो पार काळा ढुस्स! आणि काय वो ते कागद दाखवलेत तुमी! सुनावणी अजून व्हायची हाय आणि सुनावणीत काय झालं ते आधीच टाईप करून तयार. त्यात माझं नाव! 'सरपंच जनी धोंडू यांनी प्रकल्पाचे मनःपूर्वक स्वागत केले.' मी घरात बसून पेज जेवत होते, आणि तिकडे मनःपूर्वक स्वागत करून मोकळी! हे मला विचारतात, कधी गेलेलीस गो स्वागताला, मला सांगितलं पण नायस?

आप्पा : हा हा! धोंडू तसाच आहे.

जनी : हसू नका आप्पा, मला तेव्हा रडूच आलं होतं. आमी ओरडून ओरडून सांगत होतो, हे सगळं आधीच ठरवून बसलेत. कोण ऐकतंय? म्हणायचे, अडाणी बायका. ह्यांनी आतला कागद दाखवला तेव्हा लोकांना पटलं. म्हणून सांगायला आले. सोमवारी सुनावणी, वर सड्याच्या माळावर कारखाना नको म्हणून आठ गावं जाणार. आदल्या दिवशी, रविवारी, सगळे आपल्या देवळात जमतायत. तुमी यायचं, सत्कार घ्यायचा आणि बोलायचं. आणि आप्पा, तुमच्यासाठी पण एक निरोप हाय गावकीचा. महिन्यावर शिमगा आला. यंदा मानकऱ्यांची घरं झाली की पालखी लगेच तुमच्या अंगणात.

आप्पा : लगेच?

जनी : लगेच. आणि नाचवायची पण तुमच्याच अंगणात.

आप्पा : उन्मेष, ऐकलंस? ऐकलंस ना? जा, आत जाऊन चहाचं आधण ठेव. जा म्हणतो ना.

उन्मेष : जनी, तुला एक सांगायचं आहे.

आप्पा : उन्मेष!

उन्मेष : तीन वर्षांमागे पालखी निघालीच नाही, त्या शिमग्याचं.

जनी : त्याचं काय सांगणार तुमी मला? जमावबंदी! पाच माणसांनी एकत्र यायचं नाय. पालखी काय खिशात घालून फिरवायची? सहाणेच्या ओट्यावर होती ती तशीच राहिली, बाजूला पोलीस बसवलेले. माझे सासरे चार दिवस अंगणात बसून होते. पन्नास वर्षं खांदा दिलेला माणूस. मला विचारायचे, गो, ढोल वाजला काय? मी म्हणायचे, येईल मामा, पुढच्या वर्षी येईल. चैत्रात गेले. त्या फौजदाराचं कधी बरं व्हायचं नाय बघा.

उन्मेष : फौजदाराने नाही केलं ते.

जनी : मग कलेक्टरनं.

उन्मेष : कलेक्टरची सही होती. करायला मी सांगितलं होतं.

(जनी पडवीच्या कठड्यावर बसते.)

जनी : तुमी?

उन्मेष : सड्यावर मोजणी सुरू करायची होती. त्याची तारीख ठरवायला बैठक होती. शिमग्याला गाव भरतो हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मुंबईहून सगळे चाकरमानी येतात, घरात पाय ठेवायला जागा नसते. मी म्हटलं, पालखीला माणूस जमला की उठून सड्यावर जाईल आणि मोजणी बंद पाडेल. जमावबंदी लावा पंधरा दिवस. पालखी नाही म्हटल्यावर चाकरमानी हिरमुसून परत जातील, मग मोजा. तसंच झालं.

जनी : हे टीव्हीवर नाय बोललात.

उन्मेष : नाही. साहेबांचं बोललो, कंपनीचं बोललो. हे राहून गेलं. राहून गेलं नाही, ठेवलं मी. लाज वाटली.

आप्पा : जनी, तेव्हा नोकरी होती गो त्याची. वरून सांगतील तसं करावं लागतं.

उन्मेष : वरून कोण सांगणार, आप्पा? साहेबांना शिमगा म्हणजे काय ते मीच समजावून सांगितलं.

जनी : अरे मेल्या! तुला दुसरं काय सुचलं नाय? कारखाना आणायचा तर आणायचास, आमी भांडलो असतो, डोकी फोडून घेतली असती. आमची पालखी अडवलीस? लहानपणी पालखीखालून जायला माझ्या पुढे धावायचास ना तू? ढकलून द्यायचास मला!

उन्मेष : बोल. काय बोलायचं ते बोल.

जनी : काय बोलू? बोलून झालंय रे! तीन वर्षं बोलतोय आमी, गाऱ्हाण्यात. देवासमोर उभं राहून गावकर म्हणतो, ज्यानं तुझी पालखी अडवली त्या फौजदार मोहित्याला सुखाचा घास लागू देऊ नको. आणि अख्खा गाव म्हणतो, होय महाराजा!

आप्पा : मीही म्हटलं. सगळ्यांत मोठ्याने म्हटलं, गावाला ऐकू जावं म्हणून.

उन्मेष : मोहित्यांनी वर लेखी कळवलं होतं. लोक शांत आहेत, पालखी अडवू नये, जबाबदारी माझी. तो कागद माझ्याकडे आला. मी महिन्याभरात त्यांची बदली करायला लावली.

जनी : आमच्या बाजूनं लिहिलं होतं त्यानं?

उन्मेष : एकट्यानेच.

आप्पा : जनी, तू हे गावात सांगशील. सांग बाई, माझं तोंड नाही तुला अडवायचं. पण एवढं ऐक. हा रविवारी बोलून मुंबईला जाईल. मी इथेच आहे. सगळ्यांनी पुन्हा तोंडं फिरवली तर माझ्याच्याने नाही निभायचं आता. भीती वाटते गो मला.

जनी : तुमची कलमं कोण सुकवणार नाय, ते माझ्यावर सोडा. मी बाबल्याला सांगेन.

आप्पा : आणि पालखी?

जनी : पालखीचं मी एकटीनं कसं सांगू? गावकी काय म्हणेल ते म्हणेल. खोटं कशाला सांगू तुमाला.

उन्मेष : रविवारी मीच सांगतो देवळात. शाल नको, नारळ नको. ते फाईलवर आहे, जनी. आज आपण लपवलं आणि सोमवारी साहेबांच्या लोकांनीच भर सुनावणीत काढलं, तर गाव तोंडघशी पडेल. मला उठवून लावा, कागद ठेवून घ्या. कागद खरे आहेत.

जनी : रविवारचं रविवारी बघू. लोक काय करतील मला ठाऊक नाय. मी काय करेन ते पण ठाऊक नाय, आता विचारू नको. तो मोहिते हल्ली कुठं असतो?

उन्मेष : चिपळूणला. का?

जनी : बायको?

उन्मेष : तीही तिथेच असणार.

जनी : ती आलेली आपल्या देवळात. त्याच शिमग्यात, देवीची ओटी भरायला. आमी बायका पायरीवर बसलेलो. मी उठले नि तिला बोलले, तुझ्या नवऱ्यानं देव कोंडून ठेवलाय, आणि तू कसली गो ओटी भरतेस? आत सोडलं नाय तिला. दुसरं कोण नाय बोललं, मीच बोलले. ती एक शब्द बोलली नाय.

उन्मेष : मोहित्यांनी घरी सांगितलंच नसेल, आपण काय लिहिलंय ते.

आप्पा : तुला तरी काय ठाऊक होतं, जनी? तुझा काय दोष त्यात?

जनी : ठाऊक नव्हतं म्हणून काय, तिला लागलं नाय? उद्या सकाळी मी चिपळूणला जाते. उन्मेष, तू चल.

उन्मेष : येतो. गाडी काढतो.

जनी : काढ. एसटीत मला रडू फुटलं तर सगळा तालुका बघेल.

उन्मेष : आणि तिने दारच उघडलं नाही तर?

जनी : तर बाहेर उभं राहायचं. ती दुपारपर्यंत उभी होती, अनवाणी, तापलेल्या चिऱ्यांवर.