चाच्यांचा खजिना

समुद्री चाच्यांचं ते जपानी कार्टून संपतच नाय, तरी मी अजून का बघतो, विचारता ना? मग ऐका.

मी सातवीत होतो. अब्बा कुवेतला निघाले तेव्हा रोह्याच्या स्टेशनवर म्हणालेले, "त्या चाच्यांना खजिना सापडला की मी पण कायमचा घरी येतो."

दर शुक्रवारी त्यांचा फोन आला की पहिला प्रश्न तोच, "सापडला काय रे?"

"नाय अब्बा, अजून बोटीवरच हायत."

एका ईदला मला राहवलं नाय. ठोकून दिलं, "सापडला अब्बा! संपलं सगळं. आता या."

अब्बा हळूच म्हणाले, "खोटं नको बोलू. इथं खोलीतले आम्ही आठही जण बघतो. कालच तर त्यांची बोट फुटली."

गेल्या वर्षी अब्बा कायमचे आले. आता दुपारी जेवून आम्ही दोघं टीव्हीसमोर बसतो. परवा मी चिडवलं, "अब्बा, खजिना तर अजून नाय सापडला."

माझ्या हातातला रिमोट काढून घेत म्हणाले, "नकोच सापडू दे. सापडला की तू उठून जाशील."