शेख हमादींची शेवटची शिकवणी

मन्नूबिया : म्हणजे गाणं बंद कुणी केलं? माणसानं की यंत्रानं?

नूमान : यंत्रानं, खाला. पण नियम मी लिहिला होता.

मन्नूबिया : चहा घे आधी. ट्यूनिसहून तस्तूरला एवढ्यासाठी आलास, तर सावकाश सांग. आमच्या शेखांना कळलं असतं, मला फोडून सांगावं लागतं.

नूमान : इंटरनेटवर एखादा कार्यक्रम बघणारे लाखो असले, की प्रत्येकाला आमच्याकडून वेगळी प्रत पाठवून भागत नाही, तारा तुंबतात. म्हणून गावोगावच्या यंत्रांत एकेक प्रत ठेवतो आणि तिथून आसपास वाटतो.

मन्नूबिया : घरोघर नळ नेण्याऐवजी चौकात टाकी.

नूमान : तसंच. त्या शुक्रवारी दुपारी अंतिम सामना होता. सहा लाख लोक बघत होते. टाक्या अपुऱ्या पडल्या, तर वीसपेक्षा कमी बघणारे असतील ते आधी थांबवायचं, असा माझा नियम. शेखांच्या ऑनलाइन शिकवणीला अकराजण होते.

मन्नूबिया : बारा. फ्रान्समधून, ल्याँहून शिकणारी राद्या आहे ना, तिची म्हातारी आई तिच्या शेजारी बसून ऐकायची.

नूमान : ध्वनिमुद्रणही आमच्याच यंत्रात होत होतं. तेही थांबलं.

मन्नूबिया : त्या दिवशी ते आपल्या आजोबांकडून आलेली नूबा, गाण्यांची ती अख्खी माळ, गात होते. पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत. आजवर कुणाला पुरी दिली नव्हती, शिष्य कच्चे आहेत म्हणायचे. दुखणं कळल्यावर मीच मागे लागले, देऊन टाका, वर न्यायची आहे का? डोळे मिटून दीड तास गायले. मी टॉवेल घेऊन बाहेर आले, तर म्हणाले, "सुटलो बाई." मग बंद ठेवलेला मोबाइल सुरू केला आणि राद्याचा फोन आला. चार मिनिटांनंतर कुणालाच काही ऐकू गेलं नव्हतं.

नूमान : काय म्हणाले?

मन्नूबिया : तिलाच समजावत बसले. रडू नकोस, पुढच्या शुक्रवारी पुन्हा गाईन म्हणाले. पुढच्या शुक्रवारी बसलेही, ऊदचं वाद्य मांडीवर घेऊन. आवाज फुटेना. दहा दिवसांत गेले.

नूमान : दोन महिने इथं यायचं टाळत होतो मी. मला बोला हवं ते.

मन्नूबिया : बोलून काय होणार, बाळा.

नूमान : सगळी यंत्रं धुंडाळली. ती पहिली चार मिनिटं तेवढी मिळाली, घेऊन आलोय. पुढचं तुम्हाला येत असेल तर उतरवून घेतो. थोडंसुद्धा चालेल. त्या वेळी घरात तुम्हीच होता ना?

मन्नूबिया : होते की. स्वयंपाकघरात. दीराकडची माणसं जेवायला यायची होती, कुस्कुस वाफेवर होता. दीड तास भांडी वाजवत होते मी. मधे दोन गाण्यांच्या फटीत त्यांनी हाक मारून विचारलं, "ऐकतेयस ना गं?"

नूमान : मग?

मन्नूबिया : मी म्हटलं, हो, ऐकतेय.