पत्रकातून खोडलेली थंडी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे संचालक महोदय, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो त्या आमच्या बाई, त्यांच्या थोरल्या भगिनी, दूरदूरच्या निरीक्षण केंद्रांवरून आलेले सहकारी आणि सभागृहातील बंधुभगिनींनो,

माझ्या हातात चार पानांचं भाषण आहे. काल ते बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "छान आहे हो, पण हे नक्की कोणाबद्दल आहे?" तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. म्हणून पानं खिशात ठेवतो. संचालक महोदय घड्याळ बघताहेत; दिलेल्या वेळात आवरतो.

बाईंचं काम पाहुण्यांसाठी थोडक्यात सांगतो. ऐन हिवाळ्यात, डोक्यावर तीसेक किलोमीटर उंचीवरची हवा कधीकधी अचानक तापते. तापते ती वर, आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत गारठतो आपण खाली. दर वेळी नाही! कधी थंडी कोसळते आणि कधी नुसतीच हूल देते, हे शोधण्यात बाईंची अठ्ठावीस वर्षं गेली. तळघरातल्या साठ हिवाळ्यांच्या नोंदवह्या त्यांनी पानन् पान वाचल्या. बाईंना बसून विचार करता येत नाही. खिडकी, टेबल, जिना, पुन्हा खिडकी. आमचा शिपाई म्हणायचा, "बाई फेऱ्या मारायला लागल्या, की मी घरी फोन करतो, कानटोप्या काढून ठेवा म्हणून." हसा, हसा. पण तो खरंच फोन करायचा. आम्ही साहेब लोक करत नव्हतो.

एकोणीस वर्षांपूर्वी त्या अशाच फेऱ्या मारत माझ्या टेबलाशी आल्या. मंगळवार होता. रोजच्या हवामान पत्रकाला मंजुरी देण्याचं काम तेव्हा आम्हा काही अधिकाऱ्यांत फिरायचं; त्या दिवशी ते माझ्याकडे होतं. खाली नाव छापलं जायचं ते अंदाज तयार करणाऱ्याचं. मंजुरी देणाऱ्याचं कुठेच नसायचं. बाईंनी लिहिलं होतं, "गुरुवारी दुपारनंतर सहा तासांत पारा अठरा अंशांनी उतरेल. वाऱ्यासह हिमवर्षाव. डोंगरातल्या रस्त्यांवर कोणीही बाहेर पडू नये." मी ते खोडलं आणि लिहिलं, "थंडीत वाढ होण्याची शक्यता."

"शक्यता?" बाई म्हणाल्या. "हे वाचून कोण घरात थांबेल?"

"बाई, मागच्या वर्षी आपण असंच ओरडलो आणि झालं काय? लख्ख ऊन. वर्तमानपत्रांनी आपली टोपी उडवली."

"उडवू दे की! हसायला माणसं जिवंत तर राहिली."

त्या चिडून निघून गेल्या आणि मी मंजुरी दिली.

गुरुवारी सकाळी आठला वरच्या केंद्रावरून फोन आला. तिथल्या निरीक्षकांना आम्ही सगळे काका म्हणायचो. एकतीस वर्षं दर तीन तासांनी तापमापक वाचणारा माणूस. काका म्हणाले, "साहेब, पोरीची परीक्षा आहे. तिला खाली बसपर्यंत सोडून येतो म्हणतो. पण वारा काही बरा दिसत नाही. बाईंचं काय म्हणणं आहे?"

बाई पलीकडच्या खोलीत होत्या. हाक मारली असती तरी ऐकू गेलं असतं. मी म्हणालो, "पत्रकात आहे तेच, काका. या जाऊन."

दोन वाजता पारा घसरायला लागला. तीनची नोंद आली नाही. सहाची आली नाही. मुलगी सुखरूप शहरात पोहोचली होती. काका परतीच्या चढावर, केंद्रापासून चारशे पावलांवर, दुसऱ्या दिवशी सापडले.

जरा पाणी घेतो.

बंद दाराआड चौकशी बसली. मूळ कागद बाईंकडे होता. तो त्यांनी समितीपुढे ठेवला आणि म्हणाल्या, "मजकूर बदलला गेला. एका माणसाला तो एकट्याने बदलता येतो, हा दोष आहे. तो आधी काढा." नाव विचारलं, तर त्यांनी घेतलं नाही. बाहेर आल्यावर मी त्यांना गाठलं. बाई म्हणाल्या, "मी नाव घेतलं तर ते तुम्हाला काढतील आणि पद्धत तशीच राहील. मला नियम बदलून हवाय. बाकीचं तुम्ही स्वतः सांगाल ना?"

मी म्हणालो, "सांगतो."

मित्रहो, त्याला एकोणीस वर्षं झाली.

नियम बदलला. आज धोक्याच्या इशाऱ्यातला शब्द बदलायचा तर तिघांच्या सह्या लागतात आणि मूळ मजकूर जपून ठेवावा लागतो. आठ वर्षांपूर्वी तशीच लाट आली, तेव्हा बाईंचा इशारा काना-मात्रेचाही फरक न होता गेला. रस्ते दीड दिवस बंद राहिले. एकही माणूस दगावला नाही. त्याबद्दल सत्कार झाला तो माझा, कारण तोवर मी उपसंचालक झालो होतो. हार घालून घेतला मी! आणि त्या जुन्या पत्रकाखाली नाव राहिलं बाईंचं. संस्थेत कुजबूज राहिली, की ऐन वेळी बाई कचरल्या. काकांच्या मुलीनेही तेच खरं धरलं. ती आज वडिलांच्याच केंद्रावर निरीक्षक आहे. तिने बाईंना रोजच्या नोंदी पाठवल्या, पण बाईंनी लिहिलेलं एकही पत्र उघडलं नाही.

गेल्या आठवड्यात मी वर गेलो आणि तिला सगळं सांगितलं. तीनची वेळ झाली, तशी उठून बाहेर गेली, तापमान वाचून आली, वहीत लिहिलं. मग म्हणाली, "हे मला एकटीला सांगून काय उपयोग? बाईंना बोल लागला तो चारचौघांत. फेडा तोही चारचौघांत. मी येते ऐकायला."

ती आली आहे. पहिल्या रांगेत, अगदी कडेला बसली आहे.

बाई, खुणा करू नका, मी थांबणार नाही. आज सकाळी संचालक महोदयांना पत्र दिलं आहे. ते त्या चौकशीच्या कागदांना जोडलं जावं ही विनंती. पुढे जे होईल ते होवो. अहो बाई, आपला सत्कार व्हायचाय अजून, कुठे निघालात? सांभाळून, तिथे पायरी आहे. शेजारची खुर्ची मोकळी करा कोणीतरी. हो, तिच्याच शेजारची.

बसल्या.

आयोजकांचे आभार मानतो. वेळ जास्त घेतला, समारंभाला शोभणार नाही असंही बोललो. सभागृहाने ते उदार मनाने पोटात घालावं. बाकीच्या चुकीची माफी सभागृहाकडे मागण्यात अर्थ नाही. ज्या दोघींकडे ती मागायची, त्या समोर बसल्या आहेत. ध्वनिक्षेपक बंद करा. मी खाली येतो.