कपाटामागची भिंत

दवाखान्यात माझ्या शेजारी एक बाई खोकणाऱ्या मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. समोर तिचे घरमालक होते, रक्तदाब तपासायला आलेले.

"ओल तुमच्यामुळेच येते. कपडे घरात वाळवता, पातेल्यावर झाकण ठेवत नाही."

"कपडे गच्चीवर वाळतात, काका. खिडक्याही उघड्या असतात. आता श्वास घ्यायचा थांबवू का?"

"तसं कोण म्हणतंय?"

"मी भिंतीला प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी घट्ट चिकटवून ठेवला होता. पाणी कागदाच्या मागे साचलं. आमच्या बाजूला एक थेंब नाही. म्हणजे ओल भिंतीतूनच येते. आणि हिची छाती रात्रभर वाजते."

"बरं, रंग मारून देतो."

"आम्ही यायच्या आधीही मारलाच होता की. मला वाटलं, काका किती हौशी."

"एवढा त्रास असेल तर खोली सोडा. उद्याच एक जोडपं बघायला येतंय. तान्हं बाळ आहे त्यांना."

"येऊ देत."

"तेवढं ते कपाट भिंतीला लावून ठेवा. डाग दिसायला नको."

"कपाट मी आजच बाहेरच्या खोलीत काढते, काका. बाळाच्या आईला त्या भिंतीला हात लावून बघू दे."